डाव्या टोकाची जागा

तिला डावरी हे नाव दिलं तिच्या बापानं, आणि तेही काही लाडानं नाही. जेवायला बसली की पोरगी चमचा डाव्या हातात धरायची आणि बापाचा उजवा हात तिच्या कानशिलात बसायचा. दोन्ही हात आपापल्या सवयीचे गुलाम, कुणीच मागं हटेना. शाळेत मास्तरांनी तिचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधला आणि उजव्यात पेन्सिल दिली. सहा महिन्यांत त्या उजव्या हातानं तिनं एक मांजर काढलं, तेही मेल्यासारखं. सातव्या महिन्यात तिनं सुतळी दातांनी तोडली आणि पुन्हा बांधायला आलेल्या मास्तरांच्या मनगटाला तेच दात लावले. शाळा तिथंच आटोपली.

मोठी झाल्यावर ती चामड्याच्या बॅगा बनवणाऱ्या कारखान्यात लागली. काम कडा छिलायचं. चामडं जाड असतं, तसंच दुमडलं तर घडी फुगते. म्हणून दुमडायच्या आधी त्याची कड मागच्या अंगानं छिलून कागदासारखी पातळ करावी लागते. कमी छिललं तर घडी बसत नाही आणि जास्त छिललं तर ती फाटते. यंत्रानं भारी चामड्याचा सत्यानाश होतो, म्हणून महागड्या बॅगांचं हे काम रापीनंच करतात. रापी म्हणजे मुठीत बसणारी, रुंद पात्याची सुरी. तिला धार एकाच अंगानं लावतात, आणि उजव्या हाताच्या रापीची धार डाव्या हाताच्या काही कामाची नसते. डावरीनं पहिल्याच आठवड्यात एक जुनी रापी चाकावर घासून तिची धार उलट्या अंगाला नेली. त्या दिवसापासून त्या रापीला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. लावला असता तर अंगठा गेला असता.

राहिला प्रश्न बसायचा. लांब टेबलाला आठ बाया ओळीनं बसत. सातजणींची कोपरं एका बाजूला हलायची आणि हिचं उलट्या. तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या कोपराचा धक्का लागला, डावरीची रापी सुटली आणि शेजारणीच्या दंडात घुसली. सहा टाके पडले. तेव्हा टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईनं हिला दंडाला धरून उठवलं आणि खिडकीजवळ, टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला नेऊन बसवलं. तिथं डावीकडं फक्त भिंत. "आता भिंतीला काप," म्हणाली. ती जागा अकरा वर्षं डावरीची होती. घर भाड्याचं, भांडीकुंडी सासूची, नवरा अर्धा त्याच्या दोस्तांचा. तिचं म्हणावं असं जगात एवढंच होतं, दोन हात टेबल आणि एक खिडकी.

चार वर्षांपूर्वी नवा मुकादम आला. त्याच्याजवळ दोन फुटी पोलादी पट्टी असायची. पट्टीच्या सपाट अंगानं तो माप घ्यायचा आणि धारेच्या अंगानं बायांच्या बोटांवर मारायचा. बाया त्याला पाठीमागं पट्टी म्हणत. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, कारण कुणाची जागा ठेवायची आणि कुणाची नाही हे त्याच्या हातात होतं. मालकीण वर काचेच्या खोलीत बसायची. नवरा वारल्यावर कारखाना तिच्या गळ्यात पडला होता. तिला बॅग विकता यायची, पण छिलता येत नव्हती, म्हणून मुकादम सांगेल ती पूर्व दिशा.

डावरीवर त्याचा खास डोळा. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. काही माणसांना सात कोपरं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला हललेलं बघवत नाही, एवढंच. रोज एकदा तरी "ए डावरी" अशी हाक यायची आणि हाकेपाठोपाठ पट्टी. नेहमी डाव्याच हातावर. थंडीत त्या हाताची कातडी भेगाळायची, भेगांवर पट्टी बसली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. ती हात शर्टाला पुसायची आणि पुढची कड घ्यायची.

पोट दिसायला लागल्यावर तर त्याला ऊतच आला. पाचव्या महिन्यात त्यानं तिला तळघरातून चामड्याचे गठ्ठे वर आणायला लावले. सातव्या महिन्यात तिच्या खालचं स्टूल पायानं उडवून दिलं. ती टेबलाला धरून लोंबकळली म्हणून पोटावर पडली नाही. बसायची एवढी हौस असेल तर घरी बस, म्हणाला. त्यानंतर दोन महिने तिनं दहा-दहा तास उभं राहून काम केलं. पाय सुजून खांब झाले, बोटं सुजून केळ्यांसारखी. घरी अवाक्षर बोलली नाही. सांगितलं असतं तर नवरा भांडायला गेला असता, आणि नवऱ्याच्या भांडणाची किंमत तिला ठाऊक होती.

रजेवर जायच्या आदल्या दिवशी मुकादमानं तिची रापी आणि शिक्का दोन्ही खणात ठेवून घेतलं. शिक्का म्हणजे नंबर कोरलेला लोखंडी खिळा. छिललेल्या प्रत्येक तुकड्याच्या आतल्या अंगाला ज्या बाईनं तो छिलला तिचा नंबर हातोडीनं ठोकायचा, असा कारखान्याचा रिवाज. डावरीचा नंबर चौदा. ज्याच्यावर चौदा, ते पाप तिचं.

बाळंतपण सरळ झालं नाही. दीड दिवस कळा सोसून शेवटी पोट फाडावं लागलं. मुलगी झाली, गरगरीत आणि भसाड्या आवाजाची. सासू म्हणाली, पोरगी नाही, भोंगा आहे.

रजा तीन महिन्यांची, पगारी. पहिल्या महिन्याचे पैसे आले. दुसऱ्या महिन्याच्या पाकिटातून पैसे निघाले नाहीत, एक चिठ्ठी निघाली आणि चामड्याचा एक तुकडा. रजेवर जाण्यापूर्वी चौदा नंबरनं छिललेल्या एकतीस झडपा शिवताना फाटल्या, असं चिठ्ठीत होतं. झडप म्हणजे बॅगेवर पडतो तो झाकणाचा तुकडा, सगळ्यात भारी चामड्याचा. त्याची भरपाई रजेच्या पगारातून कापली जाईल, म्हणजे उरलेल्या दोन्ही महिन्यांचं काहीच मिळणार नाही. आणि तीसच्या वर माल नासला तर टेबलावरची जागा जाते, हा नियम. तरीही आठ दिवसांत कामावर हजर झाल्यास विचार करू. खाली मुकादमाची सही. नमुना म्हणून एक फाटकी झडप सोबत जोडली होती, आतल्या अंगाला ठसठशीत चौदा.

तीस नाही, एकतीस. मुकादमाला मोजता चांगलं येत होतं.

दगा आहे असं तिच्या मनात आधी आलंच नाही. तिला वाटलं, केलं असेल मीच. बोटं सुजली होती, उभं राहून डोळ्यांपुढं अंधारी यायची, घेतली असेल रापी जास्त खोल. तिनं ती झडप हातात घेतली, फाटक्या घडीवरून अंगठा फिरवला आणि आपलाच डावा हात भिंतीवर आपटला. एकदा नाही, चारदा. पाळण्यातला भोंगा वाजायला लागला तेव्हा थांबली.

सासूनं जन्मभर डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. आता म्हातारपणी इमारतींचे जिने धुवायची. तिचं तोंड म्हणजे फुटकं धरण. आम्ही बाळंत झालो की आठव्या दिवशी पाटी डोक्यावर घ्यायचो, रजा कसली अन् पगार कसला, असं ती दोन दिवस येता-जाता ऐकवत राहिली. पण तिसऱ्या दिवशी सुनेचे टाके धुताना तिनं ती लाल, चिघळलेली रेघ बघितली आणि गप्प झाली. सासू गप्प झाली की घरातल्या भांड्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं होई.

नवरा रंगारी, शिडीवर चढून भिंती रंगवायचा. माणूस वाईट नाही, पण डोकं त्याच्या ब्रशासारखं. बुडवलं त्या रंगाचं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. डावरीनं दारात आडवं होऊन बघितलं, पण टाक्यांमुळं तिला धड आडवंही होता येईना. तो गेला.

कारखान्याच्या मागच्या बोळात त्याला मुकादमानं आणि दोघा हमालांनी गाठलं. लाठी नाही, काठी नाही. ओलं चामडं गुंडाळून त्याचा सोटा केला आणि त्यानं बडवलं. ओल्या चामड्याचा मार दिसत नाही. कातडीवर वळ उठत नाही, आत हाड मोडतं. खांद्याचं हाड मोडलं, दोन फासळ्यांना चीर गेली. कुणीतरी हातगाडीवर घालून त्याला घरी आणून टाकलं.

"एक ठोसा मीही दिला," अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला.

"कुणाला रे? भिंतीला?" सासूनं विचारलं, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

झालं. शिडी बंद आणि रजेचा पगारही बंद. घरात एक माणूस कमावणारं, ते पासष्ट वर्षांचं आणि जिने धुणारं. शिवाय औषधं. पाचव्या दिवशी मुकादमाचा फोन आला. आवाजात मध. नवऱ्याची तब्येत कशी आहे, त्यानं विचारलं. मग म्हणाला, सोमवारी ये. जागा टोकाची मिळणार नाही, माझी मेहुणी बसते तिथं आता. मधे कुठंतरी उभी राहा. नाही आलीस तर नाव कापतो.

मधे म्हणजे दोन्ही बाजूंना कोपरं. दुसऱ्याच दिवशी कुणाच्यातरी अंगात तिची रापी घुसली असती, आणि मग तिला हाकलायला चिठ्ठीसुद्धा लागली नसती. तरी तिनं जायचं ठरवलं. रजेचा दीड महिना उरला होता, टाके अजून ओढत होते, छातीतून दूध गळत होतं. पण पोटाला रजा नसते.

रविवारी सासूच्या चपलेचा पट्टा तुटला. जिना ओला असतो, तुटक्या चपलेनं घसरून पडली तर घरातलं शेवटचं चाकही निखळायचं. नवा जोड आणायची सोय नव्हती. ती म्हणाली, तुझं ते चौदा नंबरचं पाप पडलंय ना कोपऱ्यात, त्याचाच पट्टा काढ. पापाला काहीतरी कामाला लाव.

रापी घरात नव्हती. डावरीनं नवऱ्याची रंग खरवडायची पाती घेतली, उंबऱ्याच्या दगडावर घासून तिला आपल्या अंगाची धार आणली आणि ती फाटकी झडप मांडीवर पालथी घातली. एक बाजू फाटलेली होती. तिनं उलट बाजूची कोरी कड घेतली आणि पट्टा चांगला दुमडावा म्हणून ती छिलायला सुरुवात केली. हात आपसूक चालू लागला. दीड महिन्यानं चामड्याचा वास नाकात गेला, चामड्याची साल कुरळी होऊन मांडीवर पडायला लागली. वीतभर कड छिलून झाली आणि हात थांबला.

कड छिलली की चामड्यावर पात्याच्या बारीक रेघा उमटतात. वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकावं तशा त्या झुकलेल्या असतात. तिनं आता छिललेल्या कडेच्या रेघा एका बाजूला झुकल्या होत्या. फाटक्या कडेच्या दुसऱ्या. तिनं तुकडा फिरवून बघितला, उजेडाला धरून बघितला, डोळे मिटून अंगठ्यानं बघितला. अंगठ्याला तर आधीच कळायला हवं होतं. पण त्या दिवशी तो फाटलेल्या घडीवरून फिरला होता, रेघांवरून नाही.

"काय झालं? भूत बघितलंस?" सासूनं विचारलं.

"हात बघितला," डावरी म्हणाली. "आई, हा माझा हात नाही."

मग तिनं सासूला सगळं सांगितलं. पट्टी, स्टूल, तळघरातले गठ्ठे, सगळं. सासू शेवटी फक्त एवढंच म्हणाली की सोमवारी जिन्यांना एक दिवस घाण राहू दे.

सोमवारी दोघी निघाल्या. सासूच्या पायात सुतळीनं बांधलेली चप्पल, छातीशी झोळीत पोरगी. डावरीच्या हातात ती झडप.

कारखान्यात काम सुरू झालं होतं. टेबलाच्या डाव्या टोकाला मुकादमाची मेहुणी बसली होती. हडकुळी बाई, पस्तिशीची, खांदे कानांना लागलेले. पट्टी जवळून गेली की तिचे डोळे मिटायचे. तिच्या हातात डावरीची रापी होती. डावरीनं पात्याकडं एकदा बघितलं. धार पालटली होती. अकरा वर्षांची धार कुणीतरी चाकावर घासून उजव्या अंगाला नेली होती.

मुकादम पुढं आला. शहाणी झालीस म्हणायची, तो म्हणाला, मधे जागा केली आहे. डावरी लोखंडी जिन्याकडं वळली. त्यानं तिचा दंड पकडला आणि मागं ढकललं. कंबर टेबलाच्या कडेवर आदळली, पोटातून कळ निघून डोक्यात गेली. आठही राप्या थांबल्या. तेवढ्यात सासूनं झोळीत हात घालून पोरीला चिमटा काढला. भोंगा असा वाजला की वरच्या काचेच्या खोलीचं दार उघडलं.

मालकीण खाली आली. डावरीनं तिच्या हातात झडप दिली, दोन्ही कडा दाखवल्या आणि शांतपणे सांगितलं की ही फाटकी कड उजव्या हातानं छिललेली आहे, ही दुसरी मी. बाकीच्या तीस मागवा. मुकादम हसला. घरी बसून हिनं काय वाटेल ते केलं असेल, म्हणाला, आणि रेघा म्हणे रेघा, रेघा तळहातावर बघतात. मालकिणीला खरंच काही कळत नव्हतं. पण पोरगी रडत होती, आठ बाया टक लावून बघत होत्या. तिनं तळघरातून नासक्या मालाचं पोतं मागवलं. तीस झडपा टेबलावर ओतल्या. सगळ्यांवर चौदा, आणि सगळ्यांच्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या.

"तू एक छिलून दाखव," मालकीण म्हणाली. "इथं, माझ्यासमोर."

डावरीनं आपली रापी मागितली. या धारेनं डाव्या हातानं छिलता यायचं नाही, आधी धार परतवावी लागेल, अर्धा तास लागेल, म्हणाली. मालकिणीनं मान हलवली आणि झालं की हाक मारा म्हणून वर गेली. दार लागलं.

धारेचं चाक भिंतीपाशी होतं, विजेवर फिरणारं. डावरीनं बटण दाबलं, वाकून पातं टेकवलं. ठिणग्या उडायला लागल्या. पातं तापलं की पाण्यात, पुन्हा चाकावर. पाठीमागून पावलं आली ती तिला चाकाच्या घरघरीत ऐकू आली नाहीत. मुकादमानं तिच्या मानेवर कोपर रोवलं, दुसऱ्या हातानं तिचं डावं मनगट पकडलं आणि बोटं फिरत्या चाकावर दाबली.

"छील आता," तो तिच्या कानात म्हणाला.

जळक्या शिंगासारखा वास आला. दोन बोटांची कातडी पहिल्या फेऱ्यात गेली, दुसऱ्यात नखं. ती ओरडली नाही, श्वासच निघाला नाही. रापी खाली पडली. डावा हात सुटत नव्हता, मान हलत नव्हती. मोकळा होता फक्त उजवा. जन्मात काही धड न केलेला, सहा महिन्यांत एक मेलेलं मांजर काढणारा उजवा हात चाचपडत बाजूच्या टेबलावर गेला आणि शिक्के ठोकायची हातोडी त्याच्या मुठीत आली. तिनं बघितलं नाही, नेम धरला नाही. मागं, खांद्यावरून, जिथं त्याचा आवाज होता तिथं हाणली.

शहाबादी फरशीवर वाटी पडावी तसा आवाज झाला. मुकादम दोन्ही हात तोंडावर धरून मागं सरकला. बोटांमधून रक्त आलं आणि रक्ताबरोबर दोन दात. तो सावरून पुन्हा तिच्या अंगावर धावला तेव्हा सासूनं झोळी जवळच्या बाईच्या गळ्यात टाकली होती. चाळीस वर्षं विटा वाहिलेला खांदा त्याच्या बरगडीत बसला. तो चामड्याच्या ढिगावर पडला, आणि सासू त्याच्या छातीवर बसली. म्हातारीचं वजन फार नव्हतं, पण ती जिथं बसायची तिथून उठायची नाही हा तिचा लौकिक होता.

"ओलं चामडं कुठं आहे गं?" तिनं बायांना विचारलं. "माझ्या लेकाचं उसनं फेडायचंय."

कुणीतरी चाक बंद केलं. डावरीनं हात पाण्यात बुडवला, पाणी लाल झालं. तिच्या शर्टावर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते, पोटापाशी टाक्यांतून एक लाल रेघ उमटली होती. तिनं दोन बोटांना चिंधी गुंडाळली, रापी उचलली, धार बोटानं तपासली. पुरेशी परतली होती. टेबलाशी येऊन तिनं एक कोरी झडप घेतली आणि मालकिणीला हाक मारायला सांगितलं.

मालकीण आली तेव्हा तिला चामड्याच्या ढिगावर बसलेली म्हातारी दिसली, म्हातारीखालचा मुकादम दिसला, फरशीवरचे दात दिसले. तिनं तोंड उघडलं. पण डावरी तोवर छिलायला लागली होती. चिंधीतून रक्त झिरपून पात्यावर येत होतं, पात्यावरून चामड्यावर. चारही कडा छिलून झाल्यावर तिनं झडप टेबलावर ठेवली. रेघांमध्ये रक्त भरलं होतं, त्यामुळं त्या आता आंधळ्यालाही दिसल्या असत्या. तीस झडपांच्या रेघा इकडं झुकलेल्या आणि हिच्या तिकडं.

मालकिणीनं बराच वेळ बघितलं. मग मेहुणीला म्हणाली, तू छील.

मेहुणीनं ढिगाकडं बघितलं. मुकादम रक्ताळलेल्या तोंडानं तिच्याकडं बघत होता, नको म्हणून मान हलवत होता. तिला दुसरी रापी दिली गेली. तिनं कड घेतली. वीतभर छिलली आणि तो तुकडा त्या तीस झडपांच्या शेजारी नेऊन ठेवला. रेघा सख्ख्या बहिणी दिसत होत्या. खोलसुद्धा तेवढीच गेली होती. दुमडली असती तर फाटली असती.

"मला काम येत नाही हे मी यांना सांगितलं होतं," मेहुणी म्हणाली. "चौदाचाच शिक्का ठोक म्हणाले. पगारही अर्धा त्यांच्याकडंच जातो."

गंमत बघा. चार वर्षं जो माणूस तिला रोज डावरी म्हणून हाक मारत होता, नेमका डाव्याच हातावर पट्टी ओढत होता, त्याला तिचं पाप बनवताना ती डावरी आहे एवढं आठवलं नाही. शिवी रोज देणाऱ्याला शिवीचा अर्थ लक्षात राहत नाही, तशातली गत.

मुकादमाची नोकरी गेली असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही कारखान्यात काम केलेलं नाही. मालकिणीला माल आणणारे, नेणारे, उधारी ठेवणारे सगळे त्याच्याच ओळखीचे. त्याला तळघरात धाडलं, गठ्ठे मोजायला; बायांच्या टेबलाजवळ फिरकायचं नाही. पट्टी मालकिणीनं काढून घेतली. डावरीची कापलेली रक्कम परत मिळाली, उरलेली रजाही मिळाली. मात्र मुकादमाच्या दोन दातांचा खर्च तिच्या पगारातून कापला, कारण मारामारी ती मारामारी, नियम सगळ्यांना सारखा. तिच्या दोन बोटांचा खर्च कुणाच्या पगारातून कापला नाही. सासूनं दातांच्या खर्चाचं विचारलं तेव्हा डावरी म्हणाली, आयुष्यात एवढी स्वस्त खरेदी केली नव्हती.

ती दोन बोटं पुढं बरी झाली म्हणायची. नखं आली, वाकडी. पण टोकांना जाणीव आली नाही. सुई टोचली तरी कळायचं नाही, पोरीचा गाल लागला तरी कळायचं नाही. रजेचा उरलेला काळ तिनं घरी बसून जुन्या चपलांच्या तुकड्यांवर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या भरवशावर छिलायचं नव्यानं शिकण्यात घालवला. नवऱ्याचा खांदा जुळला, जरा तिरका. शिडीवर चढायला लागला.

तीन महिने भरल्यावर ती कामावर गेली. टेबलाचं डावं टोक मोकळं होतं, खिडकी पुसलेली. मेहुणी एक जागा उजवीकडं सरकली होती. कामावरून तिला काढलं नव्हतं, पण काम तिला अजून धड येतही नव्हतं. डावरीनं स्टूल ओढलं, बसली, रापीची धार पाहिली. तळघराच्या जाळीतून खाली कुणीतरी गठ्ठे मोजत असल्याचा आवाज येत होता. दातांच्या फटीतून शिटी वाजावी तसे आकडे येत होते. बाया खाली मान घालून हसल्या.

पहिली कड घेतली आणि मेहुणीची रापी पुन्हा खोल जाताना तिला दिसली. डावरीनं बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा गेली. मग मात्र तिनं आपली रापी खाली ठेवली, मेहुणीचं मनगट धरलं. मेहुणीनं सवयीनं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड," डावरी म्हणाली. "पातं झोपव जरा. आणि कोपर आत घे, नाहीतर मीच तुला कापीन."